जांभईवाला हात

सोमवार, ४ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आज सकाळी सगळ्यात आधी कोण उगवलं असेल? शेजारच्या कुलपांच्या दुकानातली कुलूपवाली! मी अजून केससुद्धा विंचरले नव्हते, तर ही दारात उभी. तिच्यामागे नेहमीसारखे दोन पावलं अंतर ठेवून तिचे यजमान, कुलूपवाले. त्यांच्या डोक्याचं झुडूप झालंय नुसतं. तुझ्या आजोबांशिवाय दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली मान द्यायची नाही असा पणच केलाय त्यांनी.

"हल्ली ह्यांना ऐकू येत नाही," कुलूपवाली म्हणाली. "आधी कान सापडू देत, मग बघू."

फोनवर तू घाईत असतेस आणि मी भलतंच बोलत बसते, म्हणून हे लिहितेय. पत्र तुला तीनदा वाचता येईल. तर दोघं दुकानात बसले. दुकान म्हणजे आपली पुढची खोलीच, मोठा आरसा आणि फिरती खुर्ची. आजोबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून पाच आठवडे गिऱ्हाईक नाही. पण ज्या खुर्चीत चाळीस वर्षं लोकांना बसवलं, तिच्यात आजोबा आता स्वतः बसतात, सकाळी नऊला, दुकान उघडल्यासारखे. जीभ वाचली, पायही लंगडत का होईना चालतो. उजवा हात मात्र मी ठेवीन तिथे पडून असतो, पाहुणे विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

कुलूपवालीने तिच्या गुडघेदुखीचा विषय काढला. तो निघाला की अर्ध्या तासाची निश्चिंती. डावा संपवून उजव्यावर आली, तेवढ्यात आजोबांना जांभई आली. चांगली गुहेएवढी. आणि काय सांगू तुला, उजवा हात उठला! आपला आपण! मांडीवरून सुटला तो थेट छातीपर्यंत, वर्गात एखाद्या पोराला उत्तर आल्यासारखा. जांभई संपली आणि हात परत खाली.

कुलूपवाल्यांचा चहा त्यांच्या विजारीवर. मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या बेकरीतले दोघंजण बाहेर आले.

"माझ्या गुडघ्याने केलं हे!" कुलूपवाली म्हणाली.

"आणखी एक जांभई द्या ना हो," मी आजोबांना म्हटलं.

"मागून येते का ती?" आजोबा म्हणाले. पण डोळे हसत होते गं. पाच आठवड्यांनी.

आता नीट ऐक. २८ तारखेला मोठे डॉक्टर घरी येणार आहेत. हातात काही जीव दिसला तर कवायतबाई पुढेही येत राहतील. कवायतबाई म्हणजे दवाखान्यातून मंगळवार-शुक्रवार येते ती व्यायामाची मुलगी. वय तुझ्याएवढं आणि आवाज हवालदाराचा. जीव दिसला नाही, तर आहे त्यात भागवा असं लिहून मोकळे होतील. आजोबा म्हणतात, तसं झालं तर ही खुर्ची कुणाला तरी देऊन टाका. मला तर त्या खुर्चीला वळसा न घालता खोली झाडताच येत नाही.

तू हेच शिकतेस ना, गेलेल्या हातापायात परत जीव कसा येतो ते? मग सांग, हात आला का?

तुझी आजी


शनिवार, ९ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी सरावाच्या खोलीत वाचलं आणि अशी हसले की आमच्या बाईंनी मला बाहेर घालवलं. कुलूपवाल्या काकूंच्या गुडघ्याला माझा नमस्कार.

तू पाहिलंस ते खरंच होतं. जांभई देताना लुळा हात असा उठतो, हे आमच्या पुस्तकात आहे. मेंदूतून हाताकडे जायला एकच रस्ता नसतो गं. मोठा रस्ता बंद पडला तरी आतल्या बाजूने काही जुन्या वाटा असतात. आणि मेंदूला नव्या वाटाही पाडता येतात, हे तर मला सगळ्यात आवडतं. माळावर पायवाट पडते तशा. एकदा चालून काही होत नाही. शेकडो वेळा, हजारो वेळा चाललं की गवत दबतं आणि वाट दिसायला लागते.

कवायतबाईंना जांभईचं नक्की सांग. आणि एक विचारू? आजोबा जेवतात कसे? शर्टाची बटणं कोण लावतं?

परीक्षा जवळ आलीय, म्हणून आज एवढंच.

तुझी खारूताई


शुक्रवार, १५ मार्च

चि. खारूताई,

तुझं पत्र म्हणजे सोनं! मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. हजारो वेळा चाललं की वाट पडते, एवढंच मला हवं होतं. कुलूपवाले म्हणाले, "मग जांभया कमी पडता कामा नयेत." आणि आम्ही लागलो कामाला.

एकाने जांभई दिली की समोरच्याला येतेच. हे कळायला पुस्तक लागत नाही. म्हणून रोज सकाळी नऊला आम्ही तिघं आजोबांच्या समोर खुर्च्या मांडून बसतो आणि द्यायला लागतो जांभया. कुलूपवाल्यांची जांभई पहिल्या प्रतीची, आवाजासकट. माझी मध्यम. कुलूपवालीची खोटी असते, ती कुणालाच लागत नाही, उलट बघणारा जागा होतो. हे तिला सांगितलं तर रुसली आणि दोन दिवस नुसती मोजायला बसली. आजोबांची एक जांभई झाली की दाढीच्या साबणाच्या वडीने आरशावर एक रेघ. बुधवारी एक्केचाळीस! आरसा भरला. एक्केचाळीस वेळा हात उठला, खारूताई!

आजोबा मात्र वैतागलेत. परवा म्हणाले, "चाळीस वर्षं ह्या खोलीत माणसं ताजीतवानी होऊन बाहेर पडायची. आता बघा." त्यांचंही खरं आहे. बेकरीवाला पाव द्यायला आला आणि दारातच आळोखेपिळोखे देत बसला.

मंगळवारी कवायतबाई आली, आमच्याकडे बघून तिलाही लागोपाठ सात जांभया आल्या. मग हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसायची थांबली. म्हणाली, "आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या नातीने," मी मान ताठ करून म्हटलं. "ती तुमचंच शिकते."

तिने लाकडी खुंट्यांची पाटी काढली, भोकांमधून खुंट्या उपसायच्या आणि परत बसवायच्या. आजोबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "हे खेळायला मी काय तीन वर्षांचा आहे?" शिकवणी संपली. आज शुक्रवारीही तेच.

तू जेवणाचं विचारलं होतंस. अगं, मी काय मेलेय का? घास मी भरवते, बटणं मी लावते, तोंड मी पुसते, चष्मा मी चढवते. सहा आठवड्यांत त्यांना चमचा म्हणून उचलू दिला नाही. हात बरा होईपर्यंत त्याला आराम नको?

तुझी आजी


मंगळवार, १९ मार्च

प्रिय आजी,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता सरळ लिहिते.

मागच्या वेळी मी तुला अर्धंच सांगितलं. जांभई मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागातून येते. आपण झोपेत श्वास घेतो तो जिथून चालतो, तिथून. ती वाट हातापर्यंत जाते हे खरं, पण आजोबांना ती हवी तेव्हा वापरता येत नाही. दार वाऱ्याने उघडतं आणि वाऱ्याने मिटतं, घरातल्या माणसाने कडी काढलेली नसते. एक्केचाळीस वेळा हात उठला, पण एकदाही आजोबांनी उचलला नाही. त्या जांभयांनी वाट पडणार नाही, आजी. मला हे तेव्हाही माहीत होतं. तुझं पत्र इतकं उड्या मारत आलं होतं, की लिहायला हात धजावला नाही. आणि मग तू माझ्याच वाक्यावर सगळी गल्ली झोपवलीस. चूक माझी.

आता खरं काय बघायचं ते सांगते. हात वर जातो का, ते नंतर. बोटं उघडतात का, ते आधी. मूठ मिटणं सोपं असतं, ती पुष्कळदा नुसती आखडून मिटते. उघडणं अवघड. डॉक्टर २८ ला तेच शोधतील. एक बोट जरी स्वतःहून उघडलं तरी पुढे खूप आशा असते.

आणि आता हे वाचून माझ्यावर चिडणार आहेस, चीड. भरवणं थांबव. ज्या हाताला कुणी काम सांगत नाही, त्याला मेंदू हाक मारायचं सोडून देतो. आराम त्या हाताला मारतोय. डाव्याने भांडं धरू देत, पण चमचा उजव्यात. सांडू दे. तू फक्त बस.

खुंट्या त्यांना नको असतील तर त्यांचंच काम द्या. मेंदू ओळखीच्या कामाला लवकर उठतो. पण काय आणि किती, ते कवायतबाईंना विचारून. हे पत्र त्यांना दाखव. मला लाज वाटेल, तरी दाखव.

तुझी खारूताई


रविवार, २४ मार्च

खारूताई,

पत्र गुरुवारी मिळालं. चिडायची परवानगी दिलीस, बरं केलंस. भिंतीवरचा तुझा फोटो मी उलटा केला. शुक्रवारपर्यंत पाठ दाखवून लटकत होतीस.

तू खोटं लिहिलंस म्हणून नव्हे गं. मी ज्या हाताने भरवत होते तोच वाईट करत होता, हे वाचून. मी चुलीपाशी उभी राहून पत्र परत वाचलं, मग आजोबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, ह्यांनाही वाईट वाटेल. तर म्हणाले, "सात आठवडे मी सांगतोय, घास फार मोठे घेतेस. आता तरी सुटलो."

सुटले कसले! शुक्रवारी दुपारी वाटीभर सूप. कवायतबाईने चमच्याचा दांडा फडकं गुंडाळून जाड केला आणि कोपराखाली उशी दिली. मला म्हणाली, "आजी, तुमचे हात कुठे ठेवायचे माहीत आहे का? मांडीखाली." मी माझ्या दोन्ही हातांवर बसले. तासाभरात सहा चमचे तोंडात गेले आणि बाकीचं शर्टावर, टेबलावर, मांजरीवर. मांजर खूश. प्रत्येक चमच्याला माझे हात मांडीखालून सुटायला बघत होते. त्या सहा चमच्यांत मला जेवढा घाम आला तेवढा चार जणांचा स्वयंपाक करून येत नाही.

तुझं पत्र तिला दाखवलं. तिने वाचलं, घडी केली, म्हणाली, "नात खरं लिहिते. उशिरा लिहिते, पण खरं लिहिते." म्हणून तुझा फोटो सुलटा केला.

मग तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या कामात हात कसा चालतो?" आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा आजोबा खुंटीसारखे ताठ बसले. म्हणाले, "लोकांना वाटतं कात्रीला सगळा हात चालतो. चूक. करंगळीशेजारचं बोट एका कडीत, ते हलायचं नाही. दुसऱ्या कडीत अंगठा. फक्त अंगठा चालतो. बाकीचा हात गप्प. जो न्हावी सगळा हात हलवतो, तो गिऱ्हाइकाचा कान घेतो."

कवायतबाईचे डोळे हे एवढे झाले. "म्हणजे नुसता अंगठा उघडायचा?"

"नुसता अंगठा," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं तेवढंच केलं."

तेव्हापासून शिकाऊ लोकांची बोथट कात्री हातात आहे. कोपर खुर्चीच्या हातावर. मिटते ती झकास. उघडत नाही. मिटली की मिटलीच. ते अंगठ्याकडे बघतात, अंगठा त्यांच्याकडे बघतो. मी त्यांना त्यांच्याच डाव्या हाताने उघडायला सांगते, तेवढी परवानगी आहे. परत मिटते. शनिवारी दोनशे वेळा. आज दोनशे दहा. आरशावरच्या जांभयांच्या रेघा पुसून टाकल्या. आता रेघ फक्त आपोआप उघडेल तेव्हाच.

आरसा स्वच्छ आहे, खारूताई. चार दिवस उरलेत.

आजी


मंगळवार, २६ मार्च

आजी, कार्डावर एवढंच मावतंय. उघडली का? परीक्षा बरी गेली. एका प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला मांजरीवरचं सूप आठवलं. उघडली का?

खा.


गुरुवार, २८ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद, आशीर्वाद आणि वर आणखी आशीर्वाद!

दहा वाजताची वेळ होती. आधी कोण आलं? कुलूपवाली, साडेआठला! स्वच्छ धुतलेला टेबलक्लॉथ घेऊन, कारण माझ्यावर डाग आहेत म्हणे. म्हणजे माझ्या टेबलक्लॉथवर. नंतर कुलूपवाले, झुडुपासकट. मग कवायतबाई, आज तिचा हवालदाराचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. शेवटी मोठे डॉक्टर. उंच, थकलेले, आणि केस असे की मागच्या बाजूला चिमण्या राहत असतील. आजोबांनी आरशातून त्यांच्या मानेकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "ह्यांचं कुणी केलंय हे?"

डॉक्टरांनी तपासायला सुरुवात केली. "हात उचला." खांदा थोडा हलला. "मूठ उघडा." काही नाही. "परत." काही नाही. पाच दिवस रोज दोनशे वेळा केलेला अंगठा, पण हातात दगड आल्यासारखा घट्ट. कवायतबाई म्हणाली, ताण आला की असं होतं. "घाई नाही," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी खिशातून पेन काढलं. त्या पेनाचं टोपण निघताना जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. माझे हात मांडीखालून निघाले होते. अर्धे बाहेर आलेले. नुसता एक धक्का, अंगठ्याला इतकासा धक्का दिला असता तर कुणाला कळलं असतं? पण तुझं पत्र आठवलं. परत हातांवर बसले.

आणि त्याच वेळी डॉक्टरांना आली जांभई.

बिचारे सकाळपासून घरोघर फिरत होते. तोंडावर हात धरला, पण कुलूपवाल्यांना लगेच लागली, त्यांची ती आवाजासकट. मग मला. मग कुलूपवालीला, मग कवायतबाईला. आणि मग आजोबांना, गुहेएवढी. उजवा हात निघाला वर, सकाळच्या सरावातली बोथट कात्री बोटांत अडकलेली, थेट डॉक्टरांच्या नाकासमोर सलाम ठोकल्यासारखा! डॉक्टर खुर्चीसकट मागे. कुलूपवाली ओरडली, "ह्या वेळी माझी जांभई लागली! खरी होती!"

मग काय, खोलीभर हसू. डॉक्टर हसले, कवायतबाई भिंतीला टेकली, आणि आजोबा, गं, आजोबा पोट धरून हसले, डाव्या हाताने. उजवा हात खाली आला तो खुर्चीवर मऊ पडला. दगड गेला होता.

कुलूपवाले उठले. कुणाला न विचारता स्टूल ओढून आजोबांच्या गुडघ्याशी पाठ करून बसले, आणि पांढरं कापड स्वतःच गळ्याला बांधलं. म्हणाले, "नेहमीसारखे. कान दिसू द्या."

चाळीस वर्षं कानावर पडलेलं वाक्य ते. आजोबा हसत होते, बघत नव्हते, आणि कापायच्या आधी हवेत कात्री चालवायची त्यांची जी सवय ना, ती आली.

कच.

कात्री मिटली होती, आवाज त्याचाच. आजोबांनी खाली अंगठ्याकडे बघितलं. डावा हात लांब होता. आणि अंगठा सरकला. बोटभरसुद्धा नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. मग दोन दाणे. पाती वेगळी झाली.

कच.

"परत," डॉक्टर म्हणाले, आणि ते स्टुलापाशी गुडघ्यावर बसलेले होते, मोठे डॉक्टर. कच. तीन वेळा, खारूताई. चौथ्यांदा नाही उघडली, दमली. पण तिसऱ्यांदा मिटली तेव्हा कवायतबाईने मध्ये कुलूपवाल्यांच्या केसांची एक बट धरली होती. बोथट कात्रीने ती अर्धी कापली आणि अर्धी उपटली. कुलूपवाले इतके जोरात ओरडले आणि इतके खूश होते, की ते उपटलेले केस त्यांनी कागदात बांधून खिशात घातले.

डॉक्टरांनी तिथेच लिहिलं, पुढचे तीन महिने कवायतबाई, आठवड्याला दोनऐवजी तीन वेळा. मला म्हणाले, सगळं परत येईलच असं सांगत नाही, वस्तरा कदाचित कधीच नाही, पण हा अंगठा आजोबांनी स्वतः उघडलाय. मी म्हटलं, "वाऱ्याने नाही ना?" त्यांना कळलं नाही. तुला कळलं.

जाताना आजोबांनी त्यांना अडवलं. "डॉक्टर, पुढच्या वेळेपर्यंत ह्या डोक्याला कुणाला हात लावू देऊ नका." डॉक्टर म्हणाले, "बरं. पण कान राहू द्या." कवायतबाई त्यांच्याबरोबर येणार. कुलूपवालीला कुणी बोलावलं नाही, म्हणजे ती सगळ्यात आधी येणार.

सगळे गेल्यावर मी आरशावर साबणाने तीन रेघा ओढल्या आणि खाली डॉक्टरांनी सांगितलेला परत यायचा दिवस लिहिला. आजोबा म्हणाले, "आण इकडे." साबणाची वडी उजव्या मुठीत घेतली, कोपर आरशाच्या फळीवर टेकवलं आणि त्या दिवसाखाली एक रेघ ओढली. वाकडी, खिडकीपर्यंत गेली. मग साबण सुटेना. मूठ आखडली. मी हातांवर बसून राहिले. बाहेर बेकरीची संध्याकाळची भट्टी लागली, पावाचा वास आला, तरी बसून राहिले. शेवटी त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि साबण टप्पकन फरशीवर पडला. त्याचे दोन तुकडे झाले, मी दोन्ही जपून ठेवलेत.

रेघ पुसायची नाही असं ठरलंय. तिच्या वर लिहिलंय, गुरुवार, ११ एप्रिल, सकाळी दहा.

तुझी आजी